वाळलं, पण गळलं नाही

आमच्या सोसायटीच्या सभेत गेल्या महिन्यात ठराव झाला: मागच्या कुंपणालगतच्या ताडाची वाळकी पानं छाटायची. कारण? 'बरं दिसत नाही.' विरोधात हात एकच होता, माझा. तोच इथे पुन्हा वर करतो आहे.

वाळूनही झाडावरच राहणाऱ्या पानांच्या अवस्थेला वनस्पतिशास्त्रात 'मार्सेसन्स' म्हणतात. कोमेजणं या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून. माझं भांडण इथूनच सुरू होतं. कोमेजतं तर प्रत्येकच पान! हे कोमेजूनही राहतं, आणि शब्दानं नेमकं तेच वगळलं. आपणही काही वेगळे नाही. आपल्याकडे पानगळ आहे, पानझडी जंगल आहे, म्हाताऱ्यांना 'पिकलं पान' म्हणायची सोय आहे. न गळणाऱ्या वाळक्या पानाला रोजच्या बोलण्यातला शब्द मी तरी ऐकलेला नाही. ज्याला नाव नाही, त्याचा कचरा व्हायला वेळ लागत नाही.

ओक आणि बीचची झाडं, विशेषतः कोवळी, वाळकी पानं हिवाळाभर धरून ठेवतात. त्याचा त्यांना नेमका काय फायदा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण अँडीजच्या उंच माळांवरच्या एस्पेलेशियाबद्दल फारशी शंका उरत नाही. तिथे रात्री पारा शून्याखाली जातो. मेलेली पानं खोडाला गोधडीसारखी लपेटून असतात आणि आतलं पाणी गोठू देत नाहीत. ॲलन स्मिथ या अभ्यासकानं ती पानं काढून पाहिली आणि निष्कर्ष १९७९ साली प्रसिद्ध केले. पानं काढलेली झाडं मरू लागली होती. 'साफसफाई' म्हणतात ती हीच.

आपल्याकडे ताडाला थंडीचं भय नाही, मान्य. पण ताडपाकोळी नावाचा इवलासा पक्षी पिसं आणि कापूस लाळेनं चिकटवून आपलं घरटं ताडाच्या लोंबत्या पानाच्या आतल्या बाजूला करतो. आपल्याला जे वाळकं, ते त्याचं छप्पर.

'पान डोक्यात पडलं तर?' हा आक्षेप खरा आहे. वाटेवरचं, गाड्यांवरचं झाड असेल तर जरूर छाटा, मी आडवा येणार नाही. पण आमच्या ताडाखालून कोणी जात नाही. तिथे तक्रार डोक्याची नाही, डोळ्यांची आहे. आणि डोळ्यांना सवय लावता येते.

छाटणीवाला पुढच्या आठवड्यात येणार आहे. त्याआधी कमिटीनं एका संध्याकाळी खाली उभं राहून त्या पानांत किती पाकोळ्या शिरतात तेवढं मोजावं. मग काय तो ठराव करावा.