शिफ्ट संपली, ग्रुप चालूच

शिर्डीतले गर्दीचे दिवस कॅलेंडरवर ठरलेले असतात: दर गुरुवार, रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा. तरीही हॉटेलात काम करणाऱ्या पोराचा मोबाईल रात्री अकराला वाजतोच. "उद्या पाचला ये, बस येतेय."

आपण आयटीवाले ऑन-कॉलच्या नावाने बोंबलतो. पण आपल्याला निदान रोस्टर असतं, कुठेकुठे भत्ताही मिळतो. हाउसकीपिंगवाल्याचं काय? फोन त्याचा, रिचार्ज त्याचा आणि मोडलेली झोपही त्याचीच. मेसेज वाचायला अर्धा मिनिट लागतो हो, पण तो कधी येईल या धास्तीत अख्खी रात्र जाते. त्यात निळी टिक दिसली आणि उत्तर नाही गेलं, की बसला "कामचुकार" शिक्का!

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट मजुरी आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपवरचं काम हजेरीपटावर चढतं कुठे? कामानंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये लोकसभेत मांडलं. मांडलं, एवढंच.

कायदा होईल तेव्हा होवो. गर्दी आधी माहीत असते, तर रोस्टरही आठवडाभर आधी लावा. आणि आयत्या वेळी बोलावलंत, तर तो वेळ हजेरीत धरा. एवढं तर मालकाच्याच हातात आहे ना?