प्रोजेक्टर भंगारात देण्याआधी



आमच्या गुलबर्ग्यात ओळखीच्या एका मराठी घरी आजोबांच्या तंबू सिनेमाचा पस्तीस एमएमचा प्रोजेक्टर आहे, चार-दोन रिळांसकट. नातू म्हणतो, "काका, भंगारवाला वजनावर घेतोय. नाहीतर रंग मारून हॉलमध्ये शोभेला ठेवू." मला दोन्ही पटत नाही.

जन्म बँकेत गेला, त्यामुळे घसारा मला कळतो. दरवर्षी किंमत उतरत उतरत यंत्र वहीत एक रुपयावर येतं. पण यंत्र सगळीकडे सारखं झिजत नाही. प्रोजेक्टरचा सांगाडा तसाच राहतो, झिजतात ते मोजके भाग.

हिशेब बघा. सेकंदाला २४ चित्रं. प्रत्येक चित्र क्षणभर थांबवायचं, मग पुढचं ओढायचं. अडीच तासांच्या एका खेळात २,१६,००० वेळा! हे काम माल्टीज क्रॉस आणि त्याला जोडलेलं सोळा दातांचं चाक करतं. पाव फेरा म्हणजे चार दात, चार छिद्रं, एक चित्र. दात झिजून आकड्यासारखे झाले की छिद्रं फाडतात. क्रॉस ढिला पडला की चित्र थरथरतं. म्हणजे झिजलेल्या भागाचा भुर्दंड फिल्म भरते, आणि फाटलेली फिल्म परत मिळत नाही.

म्हणून रंग, दिवा, आवाज नंतर. आधी दात बघा. काही यंत्रांत चाक उलटं बसवता येतं, दातांची कोरी बाजू कामाला येते. नाहीतर त्याच बनावटीच्या बंद यंत्रातला भाग शोधा. क्रॉसच्या पेटीत तेल हवंच. चाचणी टाकाऊ फिल्मवर घ्या, घरातल्या एकुलत्या रिळावर नको. १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची नायट्रेट फिल्म असेल तर घरी लावूच नका, ती भडकन पेट घेते. अशा रिळांसाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारा. १९६४ पासून ते हेच काम करतात. फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चीसुद्धा सगळी रिळं आज उरलेली नाहीत, हे लक्षात ठेवा.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, सगळं मोबाईलवर दिसतं की! दिसतं, कबूल. पण हात लावून दात पारखणारे ऑपरेटर आता माझ्याच वयाचे, नाहीतर माझ्याहून मोठे आहेत. भाग शोधून मिळेल, तो बसवणारा हात मिळणार नाही. नातवांना त्यांच्याजवळ चार दिवस बसवा.

आपल्यापैकी कुणाचे वडील, काका ऑपरेटर होते? खाली जरूर लिहा.