कलम बदलले, आरोळी तीच

भारतीय न्याय संहिता लागू झाली ती २०२४ च्या १ जुलैला. खुनाची शिक्षा आता कलम १०३ मध्ये आहे. ३०२ या आकड्याखाली धार्मिक भावना दुखावणाऱ्या उद्गारांचा गुन्हा येतो. तरी पोलीस ठाण्यावरच्या मोर्चात ‘तीनशे दोन लावा’ हीच आरोळी ऐकू येते. आकडा जुना राहिला, त्याचे काही नाही. पण माणसे किती मेली आणि लोक किती चिडले यावर खून ठरतो, हा समज घातक आहे.

खून, सदोष मनुष्यवध आणि निष्काळजीपणामुळे झालेला मृत्यू यांतला फरक मारणाऱ्याच्या मनात असतो, आणि मनाचा पंचनामा होत नाही. मग न्यायालय हत्यार पाहते, घाव कुठे बसला ते पाहते. विरसा सिंग खटल्यात पोटात भाल्याचा एकच वार होता. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले न्या. विवियन बोस यांनी १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निर्वाळा दिला, की जीवच घ्यायचा होता हे सिद्ध करण्याची गरज नाही. तीच जखम करायची होती आणि एरवी तशा जखमेने माणूस दगावतो, एवढे पुरे. ‘नुसते घाबरवायचे होते साहेब’ हा बचाव तिथेच लंगडा झाला.

जनभावना उलट बाजूनेही चुकते. १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईची सहानुभूती आरोपीकडे, म्हणजे बायकोचा प्रियकर आहुजा यांना गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याकडे होती. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये घटनाक्रम मांडला: बायको-मुलांना सिनेमाला सोडले, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतले, मग आहुजांचे घर गाठले. एवढ्या अवधीत डोके ताळ्यावर यायला वाव होता. जन्मठेप कायम झाली.

खरी गुंतागुंत मात्र हेतू नसतो तिथे आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर दारू प्यालेल्या चालकाच्या गाडीखाली फुटपाथवर झोपलेले सात मजूर गेले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा मानून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरला, तीन वर्षे केली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवले. चालकाला कुणाला मारायचे नव्हते, पण अशा प्रकारे गाडी चालवल्याने माणसे मरू शकतात ही जाणीव त्याला होती, असे न्यायालयाने मानले.

ही जाणीव सिद्ध होते ती पहिल्या काही तासांत गोळा केलेल्या पुराव्यावर. पुण्याच्या कल्याणीनगरमधील मोटार अपघाताच्या प्रकरणात तर रक्ताचे नमुनेच बदलल्याचा आरोप झाला. नमुनाच गेला, तर प्राथमिक माहिती अहवालात कितीही जबर कलम लिहा, वकील ते दोन तारखांत उडवतो. नव्या संहितेने निष्काळजीपणाची शिक्षा दोनवरून पाच वर्षांवर नेली. रक्त कधी काढले, कोणी काढले, बाटलीवर सील कोणी लावले, हे विचारायला मात्र एकही मोर्चा निघत नाही.