वर्षाची मुदत

‘किती दिवस टिकाल?’ काम मागायला आलेल्या एम.ए.वाल्याला हल्ली दुकानदारसुद्धा विचारतो. ‘पीएच.डी.ला प्रवेश मिळेपर्यंत,’ असं खरं सांगितलं की काम गेलंच. (खोटं बोलणं आमच्या अभ्यासक्रमात नाही!)

वाचकहो, हिशेब पाहा. २०२४ पासून या प्रवेशाला ‘नेट’चे गुण धरतात. ज्यांना फेलोशिप नाही त्यांच्या गुणांना ७० टक्के, मुलाखतीला ३०. आणि ते गुण वर्षभरच चालतात. दिवसाचे आठ तास विकले, तर संशोधनाचा आराखडा लिहायचा कधी? न विकले, तर पुण्यात खोलीचं भाडं थकतं.

आमचा एक विद्यार्थी प्रकाशकाकडे मुद्रितं तपासतो. पैसे फॉर्मामागे, पण वेळ स्वतःचा. पगाराची नोकरी सोडून हे पत्करलं, म्हणून वडिलांनी अबोला धरलाय. मला तो शहाणाच वाटतो. दिवाळीनंतर वडिलांना तसं सांगायला मी जाणार आहे.