आधी ‘सुपर’, मग ‘धिस’

संगणक शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींना एक अडचण हटकून येते. जावास्क्रिप्टमध्ये एका क्लासवरून दुसरा क्लास काढला, त्यात कन्स्ट्रक्टर लिहिला, की ‘रेफरन्स एरर’ समोर उभी! शिकवणीचे सर सांगतात, “सुपर लिहा, चालेल.” मुले लिहितात, चालते. का चालले हे मात्र कोणी विचारत नाही, आणि मुलाखतीत नेमके तेच विचारतात. पोटाला चिमटा काढून आईबापांनी फी भरायची ती पाठांतरासाठी का?

पतपेढीचे उदाहरण घेऊ; आम्हा कारकुनांना तेच जवळचे. ‘सभासद’ हा मूळ क्लास. त्याचा कन्स्ट्रक्टर नाव आणि क्रमांक नोंदवतो. ‘कर्जदार’ हा ‘एक्स्टेन्ड्स’ शब्दाने त्याला जोडलेला उपक्लास. त्याला नाव-क्रमांक हवेतच, वर कर्जाची रक्कम. ती ‘धिस’वर लिहायची. आता ‘धिस’ म्हणजे नव्या खात्याचे कोरे पान समजा. मूळ क्लासला ‘न्यू’ म्हणताच हे पान मिळते. उपक्लासला ते स्वतः उघडता येत नाही; ते मूळ क्लासकडूनच यावे लागते. ‘सुपर’ ही त्यासाठी मारलेली हाक. हाकेआधी ‘धिस’ला हात लावाल तर पानच नाही, लिहिणार कशावर? हीच ती एरर.

सुपर पहिल्याच ओळीत हवे, असे काहीजण सांगतात. तसे नाही. ‘धिस’ला न शिवणारी ओळ त्याआधी खुशाल लिहावी. उपक्लासमध्ये कन्स्ट्रक्टर लिहिलाच नाही, तर भाषा स्वतःच एक धरून चालते आणि आलेली सगळी माहिती सुपरकडे पोचवते.

खरी भीती दुसरीकडे आहे. सुपर लिहिले, पण कंसात नाव-क्रमांक द्यायचे राहिले, तर एरर येतच नाही. खाते उघडते, कर्जाची रक्कमही चढते, आणि नावाच्या जागी ‘अनडिफाइन्ड’. यापेक्षा एरर परवडली. ती निदान ओरडते तरी. तसेच मूळ कन्स्ट्रक्टरने एखादी मेथड बोलावली आणि तीच उपक्लासने नव्याने लिहिलेली असली, तर उपक्लासचीच चालते. पण त्या वेळी कर्जाची रक्कम भरलेलीच नसते.

ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत उभी केली. ‘क्लास’ हा शब्द तिच्यात आला २०१५ च्या आवृत्तीत. त्याआधी साध्या फंक्शनवर भागवत. तेथे पान उपक्लासचे फंक्शन सुरू होतानाच तयार असे आणि ‘कॉल’ वापरून ते मूळ फंक्शनच्या हाती देत. ते द्यायचे विसरले तरी भाषा गप्प. अशा जुन्या पद्धतीचे प्रोग्राम अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहेत, आणि नोकरीत नव्या मुलांच्या वाट्याला बहुधा तेच दुरुस्तीला येतात. तेव्हा दोन्ही रीती एकेकदा हाताने लिहून पाहाव्यात, सुपरची ओळ मुद्दाम खोडूनही पाहावी.