सही करण्याआधी

आमच्या नरखेड तालुक्यात, संत्र्याच्या बागांत वाढलेली मुलगी कॉम्प्युटरवरचं काम सोबत घेऊन परदेशी राहायला निघाली, की मला आनंदच होतो. व्हिसा, विमा, कर यांची चौकशी ती स्वतःच करते. पण निघण्याच्या गडबडीत घरचे एक कागद पुढे करतात: हक्कसोडपत्र. “तू तर चाललीस. तुला शेती काय करायची?” भाऊ दुखावू नये म्हणून ती सही करून टाकते.

मैत्रिणींनो, माझं म्हणणं एवढंच, की त्या घाईत सही करू नका. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने कायदा बदलून हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. परदेशी गेल्याने तो जात नाही. वारसाने आलेली शेतजमीन तिथे राहूनही आपल्या नावावर ठेवता येते. मात्र परकीय चलन कायद्याच्या नियमांनुसार परदेशस्थ भारतीयाला सर्वसाधारणपणे शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही स्वीकारता येत नाही. म्हणजे उद्या भावाला परत द्यावीशी वाटली, तरी तिथे आहात तोवर वाट जवळजवळ बंदच.

इथले व्यवहार अडू नयेत म्हणून मुखत्यारपत्र द्यायचंच असेल, तर ठरावीक कामापुरतं द्या. सगळे अधिकार सरसकट देऊ नका. सातबारा ऑनलाइन दिसतो. त्यावरचं आपलं नाव अधूनमधून तपासा.

हक्क राखणं म्हणजे भावाशी वैर नव्हे. नोकरी सुटली, संसार विस्कटला, तर परतणाऱ्या बाईला पाहुणी म्हणून नव्हे, हक्काने उभं राहता यावं, इतकंच.