धार कोण काढतं?

दुधाचा धंदा फायद्यात कसा आणायचा यावर आपल्याकडे जेवढी प्रशिक्षणं होतात, तेवढ्या प्रमाणात फायदा झाला असता तर एव्हाना प्रत्येक गोठ्यासमोर चारचाकी उभी दिसली असती! हे खवचटपणाचं वाटेल, पण अशी प्रशिक्षणं जुळवून आणणं हेच गेली काही वर्षं माझं काम आहे. हॉल, वक्ते, चहा, जेवण, फलक, हजेरीपट आणि शेवटी प्रमाणपत्र हातात घेऊन फोटो... तेव्हा जे लिहितोय ते आतून बघून.

विषय चांगले असतात, त्याबद्दल वाद नाही. मुक्त गोठा, मुरघास, खनिज मिश्रण, कासदाहाची चाचणी. शिकवणारेही जाणकार असतात. माझा आक्षेप आहे तो समोर कोणाला बसवतो यावर. सात-बारा किंवा डेअरीचं खातं ज्याच्या नावावर, त्याचं नाव यादीत येतं. म्हणजे बहुतेक वेळा दादा नाहीतर अण्णा. पहाटे उठून शेण काढणारी, वैरण टाकणारी आणि पुष्कळ घरांत धारही काढणारी वहिनी त्या वेळी घरीच असते. अण्णा संध्याकाळी परत जाऊन तिला काय सांगतात? जेवण बरं होतं म्हणून!

यात समानतेचा मुद्दा आहेच, पण आज मी निव्वळ पैशाचं बोलतोय.

दुधाचा दर शेतकऱ्याच्या हातात नसतो. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला डेअरी जो देईल तो. २०२३ मध्ये दर इतके घसरले की २०२४ च्या सुरुवातीला सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. मग हातात उरतं काय? एक खाद्याचा खर्च, आणि दुसरं म्हणजे गाय वेळेवर गाभण राहणं. हे दुसरं जरा नीट बघा. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि माज टिकतो जेमतेम अर्धा-पाऊण दिवस. तेवढ्यात कोणाच्या लक्षात आलं नाही की पुढचे २१ दिवस गेले. त्या दिवसांत ती खायची काही थांबत नाही. रोजचे २०० रुपये धरा (मी कमीच धरतोय), झाले ४२००. असे दोन-तीन माज चुकले की पुढचं वेत लांबतं, भाकड दिवस वाढतात. गोठ्यात पाच जनावरं असतील तर गुणाकार तुम्हीच करा. म्हशीचं आणखी अवघड. तिचा माज पुष्कळदा मुका, आणि लक्षणं दिसली तर रात्री नाहीतर पहाटे.

त्या वेळी गोठ्यात कोण असतं, हे वेगळं सांगायला नको. एका वस्तीवर एक वहिनी मला म्हणाल्या होत्या, "म्हैस रातीच हंबरत हुती साहेब, सोटबी टाकत हुती. पण डाक्टरचा नंबर ह्यांच्या मोबाइलात, अन् हे गेलेले लग्नाला." म्हणजे ज्ञान होतं, बरं का. फोन नव्हता. हे कुठल्या स्लाइडवर घालणार?

"आम्ही बायकांनाही बोलावतो, त्या येतच नाहीत," असं आयोजक मंडळी सांगतात. कशा येतील? कार्यक्रम तालुक्याला, दहा ते पाच, तोही सलग पाच दिवस. सकाळची धार, डेअरीला दूध, स्वयंपाक, पोरांची शाळा, आणि पाचला पुन्हा धार. मोकळा वेळ काय तो दुपारी साडेबारा ते तीन. म्हणून मी आता जमेल तिथे वस्तीवरच, कोणाच्या तरी गोठ्यात, ओळीने पाच मंगळवार ठेवतो. नवरा-बायको दोघांनाही बोलावतो. माज कसा ओळखायचा ते समोरच्या जनावरावर दाखवायचं, तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर टाकायच्या, आणि रेतन करणाऱ्याचा नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ हवा. वक्ते कुरकुर करतात (प्रोजेक्टर नाही, माश्या फार), माझीही धावपळ वाढते. असो.

खरी अडचण पुढेच आहे. पैसे देणाऱ्यांच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो, प्रशिक्षणार्थींची संख्या. हॉलमध्ये एका दिवसात १०० सह्या होतात. गोठ्यात पाच मंगळवार घालवून १४. कागदावर कोण उजवं दिसणार ते उघड आहे. किती जनावरं किती महिन्यांत गाभण राहिली, दोन वेतांतलं अंतर किती कमी झालं, हे विचारणारा रकाना मी अजून पाहिलेला नाही. सहा महिन्यांनी परत जाऊन कॅलेंडर बघायला खर्च तरी काय येतो? एका दिवसाच्या हॉलच्या भाड्यात आणि जेवणावळीत दहा वस्त्या फिरून होतील. यंदाच्या फॉर्मला मी तो रकाना स्वतःच जोडून पाठवणार आहे. परत आला तर पुन्हा पाठवीन.